वॉरिकने हाक मारली नाही

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझं सगळं चुकलं. मी मोटरसायकलचा पुढचा फोर्क बोलतोय. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे ते दोन पाय म्हणजे मी.

आमच्या क्वीन्सलँडच्या माळावर गुरं वळायला घोडे कमी, मोटरसायकलीच जास्त. माझं तेल गळायला लागलं की वॉरिक मला खोलायचा. मारलेला बैल सोलायला टांगतात त्याच लोखंडी चौकटीला साखळीने गाडीचं तोंड टांगायचं, ही इथली रीत. धुऊन पुसून तो मला जोडायचा, पण चाकाजवळचे बोल्ट ढिलेच ठेवायचा. मग गाडी जमिनीवर उतरवून बायकोला हाक मारायचा.

"टेगन, ये गं, तुझं वजन कामाला आण!"

"माझं वजन काढतोस? आज चहा तुझा तूच कर."

हसत हसत ती येऊन गाडीवर बसायची. तो पुढचा ब्रेक धरायचा आणि दोघं मिळून मला खालीवर दाबायचे. त्यात माझे पाय आपसूक सरळ रेषेत यायचे. मगच तो बोल्ट आवळायचा.

त्या सकाळी बाळ तापाने फणफणलं होतं. टेगन त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. तेवढ्यात गुरं हाकायचं हेलिकॉप्टर आलं, त्याच्यामागे लगेच निघायचं होतं. वॉरिकने एकदा तिच्याकडे पाहिलं. हाक मारली नाही. मी टांगलेला होतो तसाच त्याने सगळं आवळून टाकलं.

माझे पाय एकमेकांकडे ओढले गेले. ओरडावं तर तोंड लोखंडाचं! कोरड्या ओढ्यात उतरताना मी दबलो आणि तिथेच अडकलो, वर आलोच नाही. पुढच्या दगडावर वॉरिक उडून पडला. मी शाबूत राहिलो. तो गेला.

टेगन अजून म्हणते, "जोरात गेला असेल. कुणाचं ऐकायचा का तो?" त्याचे बूट दारातच आहेत. बाळ आता चालतं, त्यात हात घालून बघतं.

आज टेगनचा धाकटा दीर रीस मला टांगून जोडतोय.

"वहिनी, उद्या गुरांमागे हीच गाडी नेतो."

"हळू जा रे बाबा!"

"म्हातारीसारखा जाईन, मग तर झालं?"

हळू जाऊन काय होणार? त्याचा पाना चाकाजवळच्या बोल्टावर आलाय आणि मी अजून अधांतरीच आहे.

तुम्ही ऐकताय ना? मग टेगनपर्यंत एवढा निरोप पोचवा. बाळाला कडेवर घेऊन ये म्हणावं, पण ये. तुझं वजन कामाला आण. एवढं म्हटलंत की ती ओळखेल.