पालथा फरमा

"दादा, थांब! मशीन बंद कर!"

धाकट्याची हाक आली तेव्हा ब्लेड शेवटच्या कोपऱ्यातून बाहेर पडलं होतं. थोरल्यानं पाणी बंद केलं आणि काळ्या ग्रॅनाइटवरचा चिखल हातानं पुसला. सिंकचं भोक उजवीकडे पडलं होतं. खांबासाठीची खाचही उजवीकडे. दोन्ही डावीकडे हवी होती.

पुठ्ठ्याचा फरमा त्यानं दगडावर पालथा ठेवून आखला होता. पॉलिश एकाच अंगाला, त्यामुळे दगड उलटून वापरायची सोय नव्हती. फरम्यावर बाण काढायचा आणि बाण दिसल्याशिवाय पेन्सिल टेकवायची नाही, हे धाकट्याला शिकवलं होतं त्यानंच.

आणि हा ओटा होता धाकट्याच्या स्वतःच्या घरचा.

"दादांच्या हातून? चुकून?" पॉलिशवाला शेजारच्याला हळूच म्हणाला. मशीन बंद असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

थोरल्याच्या मनात काय सलतं, ते कारखान्यात कुणापासून लपलं नव्हतं. हातोडी-छिन्नी घेऊन दारोदार फिरला तो. धाकट्याला हाताशी धरून कामाला लावलं त्यानं. पत्र्याच्या शेडमध्ये दोघांत मिळून एकच ग्राइंडर होता. मग एके दिवशी धाकट्यानं टूम काढली, की ओटा बसवून झाला की घर झाडून-पुसून द्यायचं.

"आपण दगडवाले की झाडूवाले?" थोरला तेव्हा हसला होता.

पण घरोघरच्या बायकांनी नेमकं तेच लक्षात ठेवलं. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं बहिणीला. कामं वाढली, शेडचा कारखाना झाला, मोठं मशीन आलं. पाटीवर 'बंधू' असंच लिहिलेलं होतं, तरी कुणी "मालक" म्हणून हाक मारली की माना धाकट्याकडे वळायच्या. थोरला मापं घेत राहिला. जिभेवर कडवटपणा घेऊन.

धाकटा जवळ आला. दगडावरून एकदा हात फिरवला.

"फरमा सकाळी मीच ठेवला होता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझं चुकलं. चला, कामाला लागा."

सकाळी तो कारखान्यात नव्हताच. आत्ता, सगळ्यांच्या देखत गाडीवरून उतरला होता. माणसं पांगली.

त्यानं चार शब्द सुनावले असते तर थोरल्याला बरं वाटलं असतं. एक थोरलेपण तेवढं आपल्याकडे उरलं होतं. आज तेही यानं नेलं.

दोघा भावांची घरं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होती. एकाच्या स्वयंपाकघरात सगळं डावीकडे, तर दुसऱ्याच्या उजवीकडे. संध्याकाळी चार माणसांनी तो दगड थोरल्याच्या घरी आणला. ओट्याची तडा गेलेली जुनी फरशी काढली. नवा ओटा चपखल बसला. खाचेत खांब, खिडकीखाली सिंक.

बायकोनं पदरानं दगड पुसला. पुन्हा पुसला. त्यात तिचा चेहरा दिसत होता. महिनाभर भिंतीपलीकडून याच दगडाचं कौतुक ऐकून तिचे कान किटले होते.

"खरं सांगा," ती हळू आवाजात म्हणाली, "मुद्दाम केलंत?"

"नाही गं."

"मग?"

तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. बाण शोधल्याचं त्याला आठवत नव्हतं. न शोधल्याचंही आठवत नव्हतं.

"ठाऊक नाही," तो म्हणाला.

"जाऊबाई, बसला का हो?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"बसला गं!" बायको म्हणाली. आनंद आवाजात येऊ नये म्हणून तिनं ओठ आवळले.

माणसं गेली. धाकटा मात्र थांबला. बाहेरून झाडू आणि ओलं फडकं घेऊन आला आणि खाली बसून सिमेंटची भुकटी गोळा करू लागला.

"भावजी, राहू द्या, मी करते की!"

"असं कसं, वहिनी? ओटा आमचा आहे."

कोपऱ्या-कोपऱ्यातून झाडू फिरवत तो स्टुलापाशी आला.

"दादा, पाय घे रे जरा वर."

थोरल्यानं गिऱ्हाइकासारखे दोन्ही पाय उचलले आणि खालची जागा स्वच्छ होईपर्यंत तसेच अधांतरी धरून ठेवले.