झाकणावरचा अर्धा बटाटा

"काका, पोट आत ओढू नका. श्वास सोडा," जिमची कोच कमरेभोवती टेप धरून म्हणाली.

लिफ्टकाकांनी श्वास सोडला. पोट निमूटपणे आपल्या जागी परत आलं.

"घेर तसूभर हलला नाही. व्यायामानंतर बटाटा खाता ना, तो रोजच्या जेवणातून वजा करता का?"

"वजा कशाला? तो तर औषध म्हणून खातो."

कोच हसली, मग जरा ओशाळली. "चूक माझीच आहे. व्यायामानंतर अर्ध्या तासात कार्ब्ज पोटात गेलेच पाहिजेत, असं मीच सगळ्यांना सांगत होते. स्पर्धेत उतरणाऱ्यांचं वेगळं. तुम्ही तर नाश्ता करून येता. दिवसभरात एकूण किती खाता, त्यावर चरबीचं ठरतं. बटाटा घरी जाऊन जेवणात खा. इथे बसायची गरज नाही. सुटलात!"

"आणि सिस्टर?"

"त्याही वॉर्डात खाऊनच येतात की. मी उद्यापासून आठवडाभर नाहीये, तुम्हीच सांगून टाका त्यांना."

काकांनी मान हलवली.

चपलांच्या रॅकशेजारी एक बाक होता. शेजारच्या हॉस्पिटलातल्या सिस्टर रात्रपाळी संपवून यायच्या. रुग्णांना उचलून उचलून पाठ गेली होती, म्हणून वजनं उचलायच्या. घरी पोचेपर्यंत अर्धा तास उलटून जातो, म्हणून बाकावरच केळं खायच्या. एकदा केळं विसरल्या, तेव्हा काकांनी आपला बटाटा मोडून अर्धा डब्याच्या झाकणावर ठेवला आणि पुढे केला. तेव्हापासून झाकण सिस्टरचं झालं. केळंही अर्धं अर्धं व्हायचं.

"मीठ कमी आहे हो, काका."

"तुमच्याच हॉस्पिटलने सांगितलंय, कमी खा म्हणून."

"हॉस्पिटलचं काय ऐकता! तिथला चहा पिऊन बघा एकदा."

एवढंच बोलणं. पण बायको गेल्यापासून काकांच्या मिठाबद्दल दुसऱ्या कुणी तक्रार केली नव्हती. लेक दर रविवारी फोन करून पोटाचा घेर विचारायची. लिफ्टदुरुस्तीच्या कामावरही बोलणं व्हायचं ते बंद दारातून. लिफ्ट अडकली की आतली माणसं काकांना काय काय सांगत: गॅस चालू राहिलाय, पाय थरथरतायत, तुम्ही जाऊ नका हं. काका लोखंडी पट्टीने दार सरकवत आणि बोलत राहत. दार उघडलं की माणसं त्यांच्या अंगावरून पळत सुटत. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. अडकलेला माणूस पळणारच.

दोन दिवस काका सिस्टरना काही बोलले नाहीत. सांगू की, घाई काय आहे, असं मनाशी म्हणत बटाटा मोडत राहिले.

तिसऱ्या दिवशी सिस्टर बटाटा हातात धरूनच पेंगल्या.

"आज फार दमलात."

"दमणं रोजचंच. आज लेकीने बोलणं बंद केलंय," त्या डोळे चोळत म्हणाल्या. "तिची शाळेची गाडी येऊन जाते आणि मग मी पोचते. वेणी सासूबाई घालतात, ती तिला घट्ट होते. काल म्हणाली, तू व्यायाम करून येतेस की मुद्दाम उशिरा येतेस? आता काय सांगू? हा अर्ध्या तासाचा नियम नसता, तर इथे न बसता आधीची बस मिळाली असती."

काकांनी हातातला तुकडा डब्यात ठेवला.

"सिस्टर, तो अर्ध्या तासाचा नियम नाहीच आहे."

"म्हणजे?"

"कोच म्हणाली. घरी जाऊन खाल्लं तरी चालतं. वेळेचं एवढं काही नसतं."

"कधी म्हणाली?"

"परवा." काकांनी डब्यात बघितलं. "सांगायचं राहिलं."

सिस्टरनी घाईघाईने बुटात पाय खुपसला. "अहो, मग बसलेय काय मी! आज गाडी गाठता येईल. काका, येते हं!" नाडी लोंबतच होती. दार ढकलून त्या पळाल्या.

"नाडी बांधा!" काका ओरडले. दार मिटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर व्यायाम आटोपून बाकासमोरून गेल्या. "काल मीच वेणी घातली, काका!" जाता जाता त्यांनी दोन्ही हातांनी हवेत वेणी घालून दाखवली. काकाही हसले. "घट्ट नाही ना घातलीत?" त्यांनी विचारलं, पण तोवर त्या पायऱ्या उतरत होत्या.

बटाटा घरीच खायचा होता. तरी काका बाकावर बसले. डबा उघडला, साल काढलं, बटाटा मोडला. अर्धा झाकणावर ठेवला आणि त्यावर चिमूटभर मीठ जास्त टाकलं.

आपला अर्धा त्यांनी सावकाश खाल्ला. आता डबा बंद करायचा, तर झाकणावरचा उचलावा लागणार होता. काका तसेच बसून राहिले.