फोटोखालची वेळ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर उपग्रहाची दोन चित्रं. पहिल्यात वादळ किनाऱ्यावर चाल करून येत होतं. 'दुपारी दोन' असं लेबल लावलेल्या दुसऱ्यात ते पाठ फिरवून खोल समुद्राकडे निघालं होतं.

"वादळ परतवायला आम्ही हात कधी उचलला?" व्यासपीठावर भगव्या वस्त्रांत बसलेल्या बाबांनी भक्तांना विचारलं.

"बारा वाजता!" सभागृह गरजलं.

"आमचं ऐकू नका. यंत्राला विचारा. यंत्र काय आमचा शिष्य आहे?"

हशा, टाळ्या.

शेवटच्या रांगेत ती दात आवळून बसली होती. ते लेबल तिनंच लावलं होतं. ऑनलाइन संग्रहात रोज शेकडो चित्रं नोंदवताना या एकावर तिनं टिपल्याच्या वेळेऐवजी संग्रहात चढवल्याची वेळ लिहिली. चूक कळताच दुरुस्त केली, बाबांच्या कार्यालयात तीनदा फोन केला. "कळवतो हं, ताई," एवढंच उत्तर.

आता नवं वादळ येत होतं. तेही वळवण्याचा शब्द बाबांनी दिलेला, म्हणून शेजारी बसलेला तिचा दादा उद्या सात खलाशी घेऊन होडी काढणार होता.

"दादा, लेबल चुकलं होतं. माझ्याच हातून."

"म्हणजे वादळ तुझ्या चुकीनं वळलं म्हण की, चिमे!"

ती ताडकन उठली आणि थेट पडद्यापाशी गेली.

"चित्राच्या तळाशी तुमचा फोटो कशाला चिकटवलाय?"

"आशीर्वाद आहे तो, बाळ."

"त्या आशीर्वादाखाली उपग्रहाची वेळ छापलेली आहे!" तिनं मोबाइलवर मूळ चित्र उघडून उंच धरलं. "सकाळी सहा चाळीस. तुम्ही हात उचललात, तेव्हा वादळ वळून पाच तास उलटले होते. मी चुकले, ते कबूल केलं. तुम्ही मात्र पुरावाच झाकलात!"

"बाळ, यंत्रंही चुकतात..."

"आत्ता तर यंत्राला विचारा म्हणालात!"

मागून दादाचा आवाज आला. "चिमे, त्या चित्राची पश्चिमेकडची कड काळी का गं?"

"तिथं अजून उजाडायचं होतं."

"दुपारी दोनला?" दादा पडद्याकडे बघतच राहिला. "वीस वर्षं समुद्रावर काढली मी. डोळे काय गहाण ठेवले होते?" त्यानं तिथूनच खलाशांना फोन लावला. "होडी वर ओढून घ्या. उद्या कुणीही निघायचं नाही."

बाबांनी माइक खाली ठेवला.

"वादळ वरच्या थरातल्या वाऱ्यांनी वळतं," ती लोकांना म्हणाली. "हातानं नाही. माझं लेबलही तपासा, यांचं चित्रही तपासा. आणि पुरावा दाखवणारा त्याचा एखादा कोपरा झाकत असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी तो कोपरा उघडा करायला सांगा."