सूर्यभान काकांची चावी

त्या मंगळवारी आमच्या डाळ मिलमध्ये कोणी मेलं नाही. न झालेल्या त्या अपघाताचा अहवाल मला बुधवारी पाचपर्यंत साहेबांच्या टेबलावर ठेवायचा होता.

मिल अकोल्याच्या एमआयडीसीत. मी तिथं सुरक्षा अधिकारी. बाळंतपणाच्या रजेवरून येऊन तेव्हा दीडच महिना झाला होता. वर्षातून एकदा आठ दिवस यंत्रं बंद ठेवून दुरुस्ती चालते. त्यासाठी दर्यापूरहून ठेकेदार खुशालराव आपली अकरा माणसं आणतात. नियम साधा आहे. जो यंत्रात उतरेल त्यानं मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी स्वतःजवळ ठेवायची. आत चार जण असले तर स्विचवर चार कुलपं. चौथा माणूस वर येऊन आपलं कुलूप काढत नाही, तोवर मोटर कोणाच्या बापाला सुरू करता येत नाही.

मंगळवारी चार जण एलिव्हेटरच्या खड्ड्यात होते. तूर वर नेणाऱ्या डब्यांचा पट्टा तिथं खाली वळतो. जेवायला तिघं वर आले. खुशालरावांना वाटलं, झालं सगळं. चारही चाव्या त्यांच्याच जुडग्यात होत्या. त्यांनी चारही कुलपं काढली आणि आमच्या वायरमनला म्हणाले, "अश्विन, घे बरं ट्रायल."

मी तिथूनच चालले होते. खड्ड्याच्या तोंडाशी सेफ्टी बुटांची एक जोडी नीट लावून ठेवलेली दिसली. बूट काढून फक्त सूर्यभान काका उतरतात, त्या अकरांतले सगळ्यांत वयस्क. धान्यावर जोड्यानं पाय द्यायचा नाही, हे त्यांचं. त्यावरून मी त्यांना चारदा तरी रागावले होते. मी ओरडले. अश्विनचा हात स्विचवर तसाच थांबला.

खालून आवाज आला, "काय झालं बे? कोन वरडून राह्यलं?"

बुधवारी दुपारी काका माझ्या केबिनच्या दारात उभे. आत या म्हटलं, तर खुर्चीच्या कडेला टेकले.

"मॅडम, लिवू नका."

"काका, तुम्ही आत होता."

"होतो ना. पन आता बसलो हाये ना तुमच्यासमोर, चांगला जित्ता."

"खुशालरावांनी पाठवलं का?"

"नाई वं बाई. त्याले मालूमच नाई. तुमी लिवलं तं त्याचं काम जाते. त्याचं गेलं तं अकराही जनाचं गेलं. बाकीचे पोट्टे लागतीन कुठंबी. माहे पांढरे केस पाह्यल्यावर मले कोन घेते? पंधरा सालापासून हाच एक मानूस मले घेऊन फिरते."

ते गेले. मी अहवालासाठी चाव्यांचं रजिस्टर उघडलं आणि पहिल्या दिवसाच्या पानावर थांबले. अकरा चाव्या, समोर एकच सही, खुशालरावांची. शेजारी माझी.

त्या सकाळी ते म्हणाले होते, "द्या इकडे, मी वाटतो. पोट्टे चाव्या हरपवतात." मला अंगावरचं दूध काढायला जायचं होतं, कुर्ता भिजायच्या आत. अकरा जणांना रांगेत उभं करायला अर्धा तास गेला असता. मी जुडगा त्यांच्या हातात दिला होता.

नुसतं खुशालरावांचं नाव लिहिलं तर मी सुटत होते. काहीच लिहिलं नाही तर काका खूश होऊन परत त्याच जुडग्याच्या भरवशावर खड्ड्यात उतरणार होते. मी सगळं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं: 'चाव्या मी एकत्र दिल्या. त्या कामगारांना वाटल्या गेल्या की नाही, हे तीन दिवस पाहिलं नाही.'

साहेबांनी वाचून चष्मा काढला. "हे शेवटचं काढा. ठेकेदाराला मी उद्याच गेटबाहेर करतो."

"ते राहू द्या, साहेब. बाहेर करायचं तर दोघांनाही करा."

"शटडाउनच्या मधे दुसरा सुरक्षा अधिकारी आणू कुठून?"

"मग दुसरे खुशालराव तरी कुठून आणाल?"

बोलून तर गेले. घरी सहा महिन्यांचा अंकुर, आणि ही नोकरी सोडून दुसरी हातात नाही. साहेबांनी चष्मा परत घातला. मग टायपिस्टला बोलावून दोन सारखी पत्रं सांगितली: ताकीद. एक खुशालरावांच्या नावाचं, एक माझ्या. पुढची चूक दिसली की दोघंही बाहेर.

गुरुवारी सकाळी सगळ्यांना रांगेत उभं केलं. खुशालराव तोंड फुगवून बाजूला. मी एकेकाच्या तळहातावर चावी ठेवत होते, सही घेत होते. काकांची पाळी आली तेव्हा खुशालरावांना राहवलं नाही.

"याले कावून देता, मॅडम? याचा खिसा तं फाटका हाये. चावी तुरीत जाईन अन् डाळीत निंघीन."

पोट्टे हसले. काकांनी शर्ट वर केला. कमरेला काळा करदोडा होता, अंकुरला बांधलाय तसाच, फक्त जुना, विटलेला. त्यात त्यांनी चावी ओवली, दोन गाठी मारल्या आणि शर्ट खाली केला.

"आता काढून दाखव मायी चावी," ते खुशालरावांना म्हणाले.

"मी कायले काढू तुही चावी? जाय, उतर."

काकांनी स्विचला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि खड्ड्यात उतरले.