चाळीसवर थांबलेला आकडा

बुरुलचा आजींना, आमच्या बोलीत अपांना, मरणाची भीती नव्हती, आवाज जाण्याची होती. नारीन गावातल्या ज्या इस्पितळात मी नर्स आहे, तिथे गलगंडाच्या बायका रोजच्याच. पण टेबलावर आडवं होताना डॉक्टर कनिमेतांचा हात घट्ट धरणारी ही पहिलीच.

"पोरा, माझा म्हातारा चार दिवसांचा सोबती आहे. त्याच्या मयताला कोशोक मलाच गायचाय. गाठ राहिली तरी चालेल, आवाज नको नेऊस."

"अपा, तुमच्या एका हाकेला पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढ्या घरी येतात. त्या आवाजाला हात लावायची कुणाची छाती आहे?"

अपा हसल्या. कोशोक, म्हणजे नवऱ्यामागे गाऊन रडणं, हा आमच्याकडे बायकोचा शेवटचा मान.

मानेतलं रक्त विजेच्या चिमट्याने भाजून थांबवतात. तापलेलं टोक आवाजाच्या नसेला लागलं की कारभार आटोपला. जुना चिमटा होता तेव्हा डॉक्टर दर वेळी टोक ओल्या कापडावर टेकवत. चर्र वाजलं तर ते गार होईपर्यंत थांबत. नव्या चिमट्याच्या टोकात तापमान मोजणारा सेन्सर होता. पडद्यावर आकडा दिसू लागला आणि ओलं कापड गेलं. सोय आली की सवय मोडतेच.

त्या दिवशी आकडा चाळीस होता. भाजतानाही चाळीस, भाजून झाल्यावरही चाळीस. निर्जंतुक करायला वाफेत घालून घालून सेन्सरची तार आतल्या आत तुटली होती, हे नंतर कळलं. टोक गार समजून डॉक्टरांनी त्यानेच नस हळूच बाजूला सारली.

शुद्धीवर आल्यावर अपांनी नवऱ्याला हाक मारली. नुसती हवा बाहेर आली.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "अपा, माझ्या हातून नस भाजली. आवाज परत येईलसं वाटत नाही."

अपांनी त्यांना खुणेने जवळ बोलावलं. मग कुजबुजल्या, "मग म्हाताऱ्याला सांग, जरा थांब म्हणावं."

म्हातारा थांबला नाही. पहिल्या बर्फात गेला.

मी मयतासाठी उभारलेल्या लोकरी नमद्याच्या तंबूत बायकांमध्ये, अपांना खेटून बसले होते. मुली, सुना भिंतीकडे तोंड करून गात होत्या. मयताला येणारा पुरुष, सख्खा नसला तरी, मेलेल्याला बाप म्हणत लांबूनच टाहो फोडत येतो आणि आतल्या बायका कोशोकने त्याला उत्तर देतात, तेव्हाच तो थांबतो. डॉक्टरांचा आवाज मी लगेच ओळखला.

"बाप गेला रे माझा!"

मुली उत्तर द्यायला लागल्या, तोच अपांनी हात वर केला. सगळ्या गप्प झाल्या. अपा कुजबुजतच गायला लागल्या. मला शब्दन् शब्द कळत होता. दोन हातांवरच्या सुनेलाही काही ऐकू येत नव्हतं.

बाहेर डॉक्टरांना उत्तरच ऐकू येईना. ते दाराशी उभे राहून पुन्हा पुन्हा टाहो फोडत राहिले.