सत्तावीस पावलांवरचे पेव

मित्रांनो, मी एक जुने पेव आहे, धान्य साठवायचे जमिनीतले कोठार. मला बघायला म्हणून कोणी आले तर त्याची फजिती ठरलेली. वर उघडा माळ, माळावर दगड आणि मेंढ्यांच्या लेंड्या, याखेरीज त्याला काही दिसायचे नाही. माझे सगळे वैभव जमिनीच्या पोटात आहे. आणि खरे सांगू का, जे दिसते ते पेव कसले?

दुक्काला नावाच्या सपाट मुलखात मला खोदले ते अल्लाल नावाच्या माणसाने. उंचापुरा गडी, पाय असे लांब की गावातले लोक त्याला उंट म्हणत. त्याने माझे तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढे ठेवले आणि पोट मात्र ऐसपैस कोरले. मग आत पेंढा पेटवून तीन दिवस माझ्या भिंती भाजल्या. त्या तीन दिवसांची आठवण अजून अंगावर काटा आणते, पण त्यामुळेच माझ्या भिंतींना ओल कधी शिवली नाही.

त्या काळी घोडेस्वारांच्या टोळ्या यायच्या आणि धान्य उचलून न्यायच्या. म्हणून आमच्यावर खूण ठेवायची नाही, ही इथली रीत. पेव कुठे आहे हे घरातल्या एकालाच ठाऊक, आणि तेही पावलांच्या हिशेबाने. अल्लालची चार मुले पाळण्यातच गेली होती. जगली ती एकच मुलगी, दाविया. तिच्याकडून त्याने माझा पत्ता पाठ करून घेतला: काळ्या दगडापासून पांढऱ्या दर्ग्याकडे तोंड करून सत्तावीस पावले, तिथून उगवतीकडे नऊ. ती चिमुरडी कोंबड्यांना दाणे टाकतानासुद्धा हेच गुणगुणायची.

माझे काम साधे होते. वाळवून खडखडीत केलेला गहू माझ्यात ओतायचे, वर पेंढा दाबायचे, दगड ठेवायचे आणि ओल्या मातीने तोंड लिंपून टाकायचे. धान्यही श्वास घेते, मित्रांनो, आणि त्यातला किडाही घेतो. आतला वारा संपत आला की दाणा शहाण्यासारखा गप्प पडून राहतो. किड्याला मात्र तेवढा धीर नसतो. तो मरतो. अल्लाल म्हणायचा, "माझं पेव म्हणजे काझी आहे. चोराला आत घेतं आणि साव तेवढा बाहेर सोडतं." ही स्तुती मी अजून विसरलेले नाही.

पुढे टोळ्या गेल्या, पोती आली, ट्रक आले. अल्लाल वारला. दावियाचे लग्न झाले, मुलगा झाला, नवरा गेला. धान्य आता घरातच राहू लागले आणि माझे तोंड लिंपलेले ते लिंपलेलेच राहिले. पंचवीस वर्षे मी रिकाम्या पोटी पडून होते. रागही यायचा आणि रडूही. माझ्या अंगावरून एक पायवाट जाते, तिच्यावरची बोलणी ऐकणे एवढाच काय तो विरंगुळा. पुढचे बरेचसे मला त्या वाटेनेच कळले.

तीन वर्षे पाऊस फिरकला नाही. लोकांनी पेरणीचे बी दळून खाल्ले. एकट्या दावियाने तीन टोपल्या बी गादीखाली दडवून ठेवले. तो अल्लालचा गहू होता, काळ्या कुसळांचा, दाताखाली कट्ट वाजणारा. चौथ्या वर्षी आभाळ फळले आणि तिचा मुलगा मिलूद याने त्या तीन टोपल्यांची बारा पोती केली. आजूबाजूच्या चार घरांत बी म्हणून एक दाणा शिल्लक नव्हता. दावियाने सगळ्यांना शब्द दिला, "पहिला पाऊस पडला की माझ्याकडून बी न्या." म्हणजे त्या बारा पोत्यांवर पाच घरांची पेरणी होती.

मिलूदने त्या वर्षी सिमेंटची नवी खोली बांधली होती, वर पत्रा. तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. पोती त्याने तिथे रचली, आणि कोपऱ्यात बाजारातून आणलेल्या जवाचा केरही तसाच राहू दिला. उन्हाळ्यात ती खोली भट्टीसारखी तापली. धान्याला लागणाऱ्या पाखरांना आणखी काय हवे? भुसकट रंगाची, नखाएवढी पाखरे. प्रत्येक मादी शेकड्याने अंडी घालणार, अळी दाण्यात शिरणार, आतले सगळे खाणार आणि एक बारीक खिडकी पाडून पाखरू होऊन उडून जाणार. दाणा बाहेरून तसाच दिसतो, आत नुसती हवा.

शेजारचा बुअज्जा लंगडत वाटेने यायचा. जीभ मात्र त्याची कधी लंगडली नाही. एके सकाळी तो माझ्या डोक्यावरच थांबला आणि मिलूदला म्हणाला, "काय रे, तुझ्या खोलीत कुणाचं लग्न आहे? नाचणाऱ्या आधीच येऊन पोचल्या. दार उघडलं की तोंडावर येतात!"

"चार पाखरं आहेत, काका. पावडर आणलीय बाजारातून."

"अळी दाण्याच्या आत आणि पावडर पोत्याच्या बाहेर. दुखणं पोटात नि मलम टोपीला! अरे, त्यात माझ्या घराचंही बी आहे, विसरू नकोस."

मिलूद घराकडे वळला. त्याची पावले मात्र एकदम जड झाली.

दोन दिवसांनी सासू-सुना वाटेने आल्या. सुनेचे नाव ताम्मू, बुटकी आणि तुरुतुरु चालणारी. सासूला ती मानाने लल्ला म्हणायची. ती हुंदके देत होती. "लल्ला, मी सुपात घेऊन पाखडलं. चौथा हिस्सा पोचट निघाला. अजून तीन महिने आहेत पेरणीला. काय उरणार?"

"रडू नकोस," दाविया म्हणाली. "माझ्या बापाचं पेव आहे या माळावर."

मित्रांनो, पंचवीस वर्षांनी माझे नाव कुणाच्या तरी तोंडी आले. आनंदाने माझ्या भिंतींची थोडी माती झडली.

दुसऱ्या दिवशी सगळी माळावर आली. दाविया काळ्या दगडाशी उभी राहिली, दर्ग्याकडे तोंड केले आणि तिने मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मी कान टवकारून ऐकत होते. सत्तावीस झाली, उगवतीकडे नऊ झाली आणि ती थांबली. पण माझ्यापासून चांगली चार-पाच माणसे ओळीने आडवी होतील एवढी दूर! तिथे मिलूदने कुदळ घातली. गुडघाभर खणले, कंबरभर खणले. निघाला फक्त पांढरा चुनखडीचा मुरूम. मग अलीकडे खणले, मग डावीकडे.

मी इकडे आहे, इकडे! पण पेवाला तोंड असून बोलता येत नाही. आयुष्यात इतकी चरफड मला कधी झाली नव्हती.

"लल्ला दाविया," बुअज्जा म्हणाला, "पेव आहे की पळून गेलं कुणाबरोबर? असं करू, खड्डे तीन झालेतच, त्यात झाडं तरी लावू."

"जीभ आवर, बुअज्जा. आकडा चुकलेला नाही. आकडा मी झोपेतही सांगेन."

"यम्मा, पुरे आता," मिलूद दमून म्हणाला. आईला तो यम्माच म्हणायचा. "आजोबा गेले, पेव गेलं. चूक माझीच. खोलीची मिजास होती मला. मी जाऊन चारही घरांना सांगतो की बी मिळणार नाही. माझ्या तोंडाने सांगतो."

दाविया मटकन खाली बसली आणि रडू लागली. दुष्काळाच्या तीन वर्षांत ती रडली नव्हती. मिलूदने कुदळ खांद्यावर टाकली आणि ताडताड घराच्या वाटेला लागला.

आणि मी दचकले. एरवी रेंगाळत चालणारा मिलूद आज ढांगा टाकत निघाला, आणि ती पावले माझ्या ओळखीची होती! लांब ढांग, डावी टाच जरा जड. क्षणभर वाटले, मेलेला माणूस परत आला. माझा अल्लाल आला!

वर दावियाचे रडणे थांबले. तिनेही मान वर केली असणार. मग ती अशी ओरडली की माळावरच्या मेंढ्या पळाल्या.

"मिलूद! थांब! अरे मी वेडी, मी खुळी! पावलं माझ्या बापाची, आणि मोजतेय मी माझी! तुझ्यात आजोबांची ढांग आहे. ये, दगडाशी उभा राहा!"

"यम्मा..."

"यम्मा-बिम्मा काही नाही. चाल!"

तो चालला. दाविया मोजत होती, तिच्याबरोबर ताम्मू मोजत होती, आणि शेवटी बुअज्जाही. सत्तावीस. उगवतीकडे वळून सहा, सात, आठ. नवव्या पावलाला मिलूदची टाच बरोबर माझ्या तोंडावर पडली. कुदळीच्या पाचव्या घावाला माझा दगड ठणकन वाजला. ताम्मूने असा आनंदाचा चीत्कार काढला की दर्ग्यावरची कबुतरे उडाली.

माझ्यात घाईने उतरायचे नसते, हे दावियाला पक्के ठाऊक होते. तिने आधी दोरीला दिवा बांधून आत सोडला. तो विझला. दोन दिवस तोंड उघडे ठेवले, मग दिवा तेवत राहिला. तेव्हा कुठे मिलूद उतरला. त्याने पेंढा जाळून मला पुन्हा भाजले, मी तक्रार केली नाही. गहू चाळून, चार दिवस कडक उन्हात वाळवून बारा पोत्यांतले जे उरले ते माझ्यात ओतले. रिकामी जागा पेंढ्याने गच्च दाबली आणि तोंडावर असा चिखल लिंपला की मुंगी शिरायची नाही.

पाखरेही आत आली होती, अळ्यांसकट. पहिले काही दिवस ती माझ्या अंधारात फडफडत होती, खात होती, मजेत होती. मी वाट बघत होते. वारा पातळ होत गेला. फडफड कमी झाली, मग थांबली. पुढे अडीच महिने माझ्यात एवढी शांतता होती की मला माझीच माती झडल्याचा आवाज यायचा.

शरदातला पहिला पाऊस पडला आणि पाच घरांची माणसे माळावर जमली. दगड सरकला. दाविया पुढे झाली आणि तिने दिवा सोडला. माझ्या गळ्याशीच तो पटकन विझला. लोकांचे चेहरे पडले, पण दाविया टाळ्या वाजवू लागली.

"विझला! बघा, विझला! दिव्याला दम मिळेना, तर पाखराला कुठून मिळणार?"

"आणि यम्मा, दाण्याला?" मिलूद हळूच म्हणाला. "पाखरं मेली तसा दाणाही मेला असला तर?"

दोन दिवस तोंड उघडे ठेवून दिवा तेवल्यावर मिलूद आत उतरला. गहू वर निघाला तेव्हा वरच्या थरात पाखरे कोंड्यासारखी मरून पडली होती. फुंकर मारली की उडत होती. पण पेरायला जिवंत बी लागते. दावियाने वीस दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले आणि ते फडके चुलीपाशी ठेवले. चार दिवस त्या घरात जो तो उठून फडक्याला हात लावून बघत होता, असे ताम्मू नंतर सांगत होती. मीही इकडे जीव मुठीत धरून बसले होते. एवढ्या वर्षांची माझी अब्रू त्या फडक्यात होती.

पाचव्या दिवशी सकाळी वाटेने धावत आला तो चक्क लंगडा बुअज्जा. तो घरोघर ओरडत चालला होता, "एकोणीस! विसातले एकोणीस! पांढरे कोंब आलेत, बोटभर! बैल जुंपा रे!"

मित्रांनो, मी जिंकले. दाविया जिंकली. पाच घरांच्या शेतांत काळ्या कुसळांचा गहू उभा राहिला, आणि सुगीत माझ्या डोक्यावर ढोल वाजले. मिलूदच्या सिमेंटच्या खोलीत आता कोंबड्या राहतात. त्या पाखरे मिटक्या मारत खातात आणि मिलूद त्यांनाही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

त्या वर्षी गहू पुन्हा माझ्यात भरायच्या दिवशी दावियाने पाचही घरांतल्या माणसांना काळ्या दगडाशी उभे केले. टोळ्या गेल्या, आता लपवायचे कुणापासून, असे तिचे म्हणणे. "माझ्या बापाचा आकडा मी साठ वर्षं जपला," ती म्हणाली, "पण एकदाही चालून बघितला नाही. म्हणून फसले. आता प्रत्येकाने आपापल्या पायांनी मोजायचं, आणि दरवर्षी मोजायचं. म्हातारपणी पाऊल आखूड होतं."

मिलूद चालला, सत्तावीस आणि नऊ. ताम्मू तुरुतुरु चालली, एकेचाळीस आणि चौदा. बुअज्जाची अठ्ठेचाळीस झाली. आपला दगडच कुणीतरी मागे सरकवला म्हणून तो भांडायला उठला आणि सगळे पोट धरधरून हसले.

तुमच्याही घरात वडीलधाऱ्यांनी सांगितलेले काही पाठ असेल, मित्रांनो. ते नुसते पाठ ठेवू नका. वर्षातून एकदा तरी आपल्या पायांनी त्याच्यापर्यंत चालत जा. त्या दिवशी माळावर प्रत्येकाचा आकडा वेगळा आला, आणि शेवटच्या पावलाला प्रत्येक जण माझ्याच डोक्यावर येऊन उभा राहिला.