अकरा शब्दांतले चार

बळवंत राऊतांचं स्वरयंत्र फेब्रुवारीत काढलं. गाठ मोठी होती, डॉक्टरांपुढे दुसरा इलाज नव्हता.

बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माकुणसारच्या वाडीत केळी आणि जांभाची झाडं सांभाळत त्यांनी एकच जुना छंद जपला होता, हॅम रेडिओचा : घरच्या रेडिओवरून दूरच्या माणसांशी गप्पा. रोज सकाळी सातला राज्यभरातले दहाबारा जण एका फ्रीक्वेन्सीवर जमत. हजेरी घेई कोल्हापूरचा कमलाकांत. तीस वर्षांची दोस्ती, पण प्रत्यक्ष भेट दोनदाच.

ऑपरेशननंतरही कमलाकांत रोज पुकारायचा, "बळवंता, आहेस का?"

बळवंतराव माइकचं बटण दाबून बसत. शब्दच नाहीत, तर पलीकडे काय पोचणार? गळ्याला लावायचं यंत्र आणलं होतं, पण त्याची घरघर रेडिओवर कुणाला कळेना. कट्ट-कडकट्ट करून अक्षरं पाठवायचं मोर्स आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"व्हॉट्सअॅपवर लिवा ना त्यांना," सुलू, त्यांची बायको, म्हणाली.

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'तिथे सगळे फक्त तब्येत विचारतात.'

मग त्यांनी मुलीचा जुना लॅपटॉप रेडिओला जोडला. टाइप केलेल्या अक्षरांचे कॉम्प्युटर सूर करतो, रेडिओ ते पाठवतो, पलीकडे त्या सुरांची पुन्हा अक्षरं होतात. त्यासाठीची सॉफ्टवेअरं मात्र ढीगभर. सगळी दुनिया वापरते म्हणून त्यांनी आधी एफटी-एट नावाचं घेतलं. बारा दिवस झगडले. कॉम्प्युटरचं घड्याळ दोन-तीन सेकंद चुकलं तरी पडदा कोरा. अखेर एका जपान्यानं उत्तर दिलं : कॉलसाइन म्हणजे रेडिओवरचं नाव, सिग्नलचा आकडा, रामराम. संपलं. पुढे काही लिहावं, तर तेरा अक्षरांपेक्षा जास्त ते घेईना.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मनासारखं लिहिता येत होतं, पण वाक्य जायला मिनिटं लागत, आणि पलीकडेही तेच सॉफ्टवेअर हवं. कमलाकांतकडे कॉम्प्युटरच नव्हता.

त्या दुपारी ते जेवले नाहीत. 'रेडिओ विकून टाकतो,' एवढंच लिहिलं.

"विका," सुलू म्हणाली. "पन मंग सकाळी सात वाजता करनार काय तुमी?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते, आवाज मात्र नव्हता. सुलूला ते बघवेना. ती पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

तिसरं होतं पीएसकेचं, जुनं, कुणी फारसं न वापरणारं. टाइप करावं तसं अक्षर लगेच जायचं, आणि पलीकडे रेडिओच्या स्पीकरजवळ मोबाइल धरला तरी ते वाचता यायचं. सुलूनंच कोल्हापूरला फोन लावला. "भाऊजी, सूनबाईला सांगून तेवढं फोनमदी टाकून घ्या. ह्यांना बोलायचं हाय."

दुसऱ्या दिवशी सातला बळवंतरावांनी टाइप करून पाठवलं.

"नुसता कचरा येतोय रे," कमलाकांत म्हणाला.

कॉम्प्युटरचा आवाज फार चढा लागला होता. त्यांनी तो उतरवला. पुन्हा पाठवलं. पुन्हा कचरा. आणखी उतरवला.

"थांब," कमलाकांत फोनवरची अक्षरं वाचू लागला, "मी... बळवंत. माकुणसार."  मग त्यानं सगळ्यांदेखत झापलं, "मेल्या, चार महिने कुठे उलथला होतास?"

बळवंतराव दोन बोटांनी टाइप करू लागले. डोळे भरल्यानं अक्षरं दिसत नव्हती. हजेरी संपली, बाकीचे निघून गेले, सिग्नल खाली जाऊ लागला, तशी मधली अक्षरं गळू लागली.

"अकरा शब्द असतील बहुतेक," कमलाकांत म्हणाला. "चारच मिळाले."

बळवंतरावांनी डोळे पुसले आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली.